स्थावर-जंगम

लॉरेल थॅचर अलरिक हे नाव तुम्ही बहुधा ऐकलेलं नसेल, पण त्यांचं एक वाक्य कुठल्यातरी मगवर, टी-शर्टवर किंवा गाडीच्या स्टिकरवर इंग्रजीत वाचलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. सरळ, नीट वागणाऱ्या बायकांना इतिहासात फारशी जागा मिळत नाही, अशा अर्थाचं ते वाक्य. आमच्या ऑफिसमध्ये आठ मार्चला वाटलेल्या बाटल्यांवरही ते होतं. वाचणारी प्रत्येक जण त्याचा अर्थ लावते तो असा, की चला, आता जरा वाकडं वागू या.

अलरिक यांनी ते 1976 साली एका अभ्यासलेखात लिहिलं, तेव्हा त्यांचा रोख वेगळा होता. तो लेख सतराव्या-अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकांनी बायकांबद्दल जे लिहिलं, त्यावर होता. देवभीरू, कष्टाळू, शांत बायका मेल्या की पाद्री त्यांच्यावर प्रवचनं करायचे, ती छापलीही जायची, आणि तरी त्या बायकांबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. चेटकिणी म्हणून खटले चाललेल्यांबद्दल मात्र ढीगभर कागद आहेत. अलरिक यांची तक्रार इतिहासकारांबद्दल होती. ज्यांनी गोंधळ घातला नाही, त्यांच्याकडे कोणी बघितलंच नाही. मग त्यांनी पुढची चाळीसेक वर्षं त्याच सरळ वागणाऱ्या बायकांमागे घालवली. वाक्य मात्र मगवर गेलं ते गेलंच.

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती वेगळ्याच रस्त्याने. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि माझं काम म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरच्या लॉग वाचणं. यंत्र दर सेकंदाला काहीतरी लिहीत असतं: अमुक आलं, तमुक गेलं, सगळं ठीक. लाखो ओळी, त्यातल्या बहुतेक एकसारख्या. आमचा सगळा धंदा त्या एकसारख्या ओळी बाजूला सारून जी वेगळी आहे ती पकडण्याचा. नेहमीचं ते फेकायचं, विचित्र ते ठेवायचं. ढीगभर मजकुरातून आपोआप विषय वेगळे काढण्याचं एक तंत्र आहे, टॉपिक मॉडेलिंग. ते शिकत असताना एक जुनं उदाहरण समोर आलं. 2010 साली कॅमेरॉन ब्लेविन्स नावाच्या, तेव्हा स्टॅनफर्डमध्ये इतिहास शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या एका सुईणीची दोनशे वर्षांपूर्वीची डायरी या तंत्रातून काढली होती. प्रोग्रामला इंग्रजी येत नाही, बाईंचं स्पेलिंग रोज वेगळं, तरी त्याने शब्दांचे गठ्ठे बरोबर बांधले. एका गठ्ठ्यात बाळंतपणं, एकात मयतं, एकात चर्च, एकात बागकाम. बागकामाचा आलेख उन्हाळ्यात वर चढत होता आणि हिवाळ्यात खाली येत होता. प्रोग्रामला उन्हाळा म्हणजे काय हे कोणी सांगितलं नव्हतं.

ती सुईण म्हणजे मार्था बॅलार्ड. आणि तिची डायरी जगापुढे आणणारी इतिहासकार म्हणजे अलरिक. त्यांनी हे गठ्ठे ब्लेविन्सच्या वीस-पंचवीस वर्षं आधी हाताने बांधले होते.

मार्था 1735 साली जन्मली. मेन राज्यातल्या केनेबेक नदीकाठी हॅलोवेल नावाच्या वस्तीत ती राहायची. 1 जानेवारी 1785 ला, वयाच्या पन्नाशीला टेकलेली असताना, तिने डायरी लिहायला सुरुवात केली आणि 1812 साली मरेपर्यंत, सत्तावीस वर्षं, जवळजवळ दहा हजार दिवस लिहिली. आधी हवा. मग आज कुठे होते. मग कोण आलं, कोण गेलं, किती विणलं, काय पेरलं, कोणाला बाळ झालं. त्या सत्तावीस वर्षांत तिने 816 बाळंतपणं केली. नदी गोठलेली असली तर बर्फावरून चालत, वितळत असली तर होडीने, अंधारात, घोड्यावरून पडत-झडत. प्रत्येक बाळंतपणाला ती समासात क्रमांक द्यायची, आणि फी मिळाली की शेजारी दोन फुल्या मारायची. मला ते बघून हसू आलं, कारण आमच्याकडे आजही हेच करतात, फक्त त्याला स्टेटस फ्लॅग म्हणतात.

ही डायरी काही हरवलेली नव्हती. 1870 साली ऑगस्टा शहराचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स नॉर्थ यांनी ती पाहिली होती. सर्वसाधारण वाचकाला रस वाटावा असं यात फारसं नाही, असा त्यांचा शेरा. पुढच्या काळात स्त्रियांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनीही ती चाळून ठेवून दिली, कारण त्यात सगळं तेच तेच. अलरिक यांना नेमकं ते तेच तेच हवं होतं. एका दिवसाची नोंद वाचली तर हाती काही लागत नाही. दहा हजार दिवस मोजले की गावाची रचना दिसायला लागते.

त्यांनी मोजलं. 816 बाळंतपणांत बाळंत होताना एकही आई दगावली नाही. नंतरच्या दिवसांत पाच गेल्या. हा आकडा पुढच्या शतकातल्या कित्येक नामवंत इस्पितळांना लाजवणारा आहे. पहिलटकरणींच्या 106 बाळंतपणांपैकी 40 जणींना लग्नाआधी दिवस गेले होते. प्युरिटन न्यू इंग्लंडची जी सोवळी प्रतिमा आपल्या डोक्यात असते, तिला ही साधी बेरीज-वजाबाकी पुरते. मार्था कोणावर टीका करत नाही, कोणाची बाजू घेत नाही. ती फक्त तारीख लिहिते.

आणि मोजता मोजता अलरिक यांना आणखी एक गोष्ट दिसली, जिथे मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. मार्थाच्या घरी माग होता. तिच्या मुली हॅना आणि डॉली विणायच्या. सूत एका घरात कातलं जायचं, ताणा दुसऱ्या घरातली बाई लावून द्यायची, कापड तिसऱ्या घरात निघायचं, आणि त्या बदल्यात कोणी चार दिवस येऊन घरकाम करून जायची. गावातल्या बायकांची ही एक अख्खी अर्थव्यवस्था होती. पुरुषांच्या नोंदींत ती जवळजवळ नाही. त्या काळच्या करवसुलीच्या याद्या, कोर्टाचे कागद, जमिनीचे नकाशे (मार्थाचा नवरा एफ्राइम स्वतः मोजणीदार होता) यांवरून हॅलोवेलचा इतिहास लिहिला, तर बायका तिथे राहत होत्या एवढंच कळतं. अलरिक चौकड्याच्या कापडाची उपमा देतात: एका रंगाचे धागे बायकांचे, एका रंगाचे पुरुषांचे, काही ठिकाणी वेगवेगळे दिसतात, काही ठिकाणी एकमेकांत मिसळून तिसराच रंग होतो. एका रंगाचे धागे उसवून काढले तर जे उरेल त्याला कापड म्हणता येत नाही.

माझं आजोळ इचलकरंजीचं आहे. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, हे तिथल्या शाळेतल्या कोणत्याही पोराला पाठ असतं. कोणाच्या शेडमध्ये किती माग होते, कोण मागवाला, कोण जॉबर, वहिफणी कोण करायचं, सायझिंग कोणाचं, ही सगळी नावं गावाला माहीत. माझी आज्जी घरात पुढच्या खोलीत कांडी मशीनवर कांड्या भरायची. धोट्यात कांडी नसेल तर माग एक इंचही पुढे जात नाही. पण गावाच्या इतिहासात कांड्या भरणाऱ्या बाईचं नाव मी तरी वाचलेलं नाही. आज्जीच्या सात डायऱ्या आहेत. सुताच्या व्यापाऱ्याने दिवाळीला वाटलेल्या, वर लक्ष्मीचं चित्र. चौथीपर्यंत शिकलेलं अक्षर. मार्था रोज हवेपासून सुरुवात करते. आज्जी रोज लाईटपासून. 'लाईट नाही. दुपारी आली. कांड्या 2 पेट्या. शांता आली. तांदूळ. पैसे बाकी.' शेवटच्या दोन शब्दांवर पैसे मिळाले की उभी रेघ.

डायरी टिकण्याचीही एक गंमत आहे. मार्थाच्या मागे ती धाकट्या मुलीकडे, डॉलीकडे गेली. डॉलीनंतर तिच्या मुलींकडे. त्या म्हाताऱ्या झाल्या तेव्हा, 1884 साली, मेरी होबार्ट नावाची मार्थाची खापरपणती डॉक्टर झाली. डॉक्टर झालेल्या मुलीला सुईण खापरपणजीची डायरी द्यावी असं त्या दोघी बहिणींना वाटलं. मेरीने ती जपली आणि 1930 साली मेन राज्याच्या ग्रंथालयाला दिली. घर, शेत, गिरणी यांचं काय झालं ते शोधायला कोर्टात जावं लागतं. डायरी मात्र बायकांच्या हातांतून सरकत सरकत बरोबर पोचली.

अलरिक यांच्या स्वतःच्या करिअरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझ्या वयाच्या, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसच्या, सगळ्यांना आपण मागे पडलोय असं रोज सकाळी वाटतं. त्यांचा जन्म 1938 चा, आयडाहोमधल्या शुगर सिटी नावाच्या छोट्या गावातला, मॉर्मन कुटुंबातला. 1960 साली पदवी. मग लग्न, नवऱ्याच्या शिक्षणामागे बॉस्टन, मुलं. मुलं पाच. त्यांचं पहिलं पुस्तक कुठलं, तर चर्चच्या निधीसाठी मैत्रिणींबरोबर मिळून काढलेलं बॉस्टन शहराचं गाइडबुक. एम.ए. 1971 ला. पीएच.डी. 1980 ला, न्यू हॅम्पशायर विद्यापीठातून, चाळिशी उलटल्यावर. न्यू हॅम्पशायर का, तर नवऱ्याची प्राध्यापकी तिथे होती. वसाहतकाळातल्या न्यू इंग्लंडचा विषय का, तर कागदपत्रं गाडीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल इतक्या अंतरावर होती. हे दुसरं कारण माझा अंदाज आहे, पण पाच मुलांच्या आईबद्दल असा अंदाज करायला फार धाडस लागत नाही. मार्थावरचं पुस्तक 1990 ला आलं, 1991 ला त्याला पुलित्झर मिळालं, पुढच्या वर्षी मॅकआर्थर फेलोशिप, 1995 ला हार्वर्डने बोलावलं, 2009 ला अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेचं अध्यक्षपद. लिंक्डइनवर हे सरळ वर जाणाऱ्या रेषेसारखं दिसेल. 1960 ते 1980 मधली वीस वर्षं तिथे कशी भरायची, ते मला कळत नाही. बहुतेक लोक त्या जागेला 'ब्रेक' म्हणतात.

हार्वर्डला गेल्यावर त्यांचा मोर्चा कागदांकडून वस्तूंकडे वळला. अमेरिकेत या अभ्यासाला एव्हाना चांगला पाया मिळाला होता. डेलावेअरमध्ये विंटरथर संग्रहालयाच्या जोडीने 1952 पासून खुर्च्या, टेबलं, चांदीची भांडी शिकवणारा अभ्यासक्रम चालत होता. जेम्स डीट्झसारखे पुरातत्त्वज्ञ फुटक्या बशा आणि थडग्यांचे दगड वाचून समाज कसा बदलला ते सांगत होते. अलरिक यांचं 2001 चं पुस्तक घरगुती कापडाच्या युगाबद्दल आहे, आणि त्यातलं प्रत्येक प्रकरण एका वस्तूवर: एक टोपली, चरखे, एक कपाट, एक टेबलक्लॉथ, सुया तशाच अडकलेला एक अर्धवट विणलेला मोजा. पुढे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हार्वर्डच्या वेगवेगळ्या संग्रहांतल्या वस्तूंवर एक अख्खा कोर्सच चालवला. त्या वस्तूंमध्ये वनस्पतिशास्त्राच्या संग्रहातली, शंभर वर्षांहून जुनी एक मेक्सिकन टॉर्टिया होती. भाकरी वनस्पतिशास्त्रात का ठेवली, स्वयंपाकात का नाही, कलेत का नाही, या प्रश्नावरच तासन्‌तास बोलता येतं. डेटाबेसचा स्कीमा ठरवताना भांडलेल्या कोणालाही हे पटेल.

पण मला सांगायचंय ते कपाटाबद्दल.

मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावी, 1715 च्या सुमाराला केलेलं, रंगवलेलं लाकडी कपाट. पानं-फुलं-वेलबुट्टी, आणि समोरच्या बाजूला, लांबून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत मालकिणीचं नाव: हॅना बर्नार्ड. आज ते मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला, हेन्री फोर्डच्या संग्रहालयात आहे. हॅना 1684 ला जन्मली, तिशी उलटल्यावर 1715 ला जॉन मार्श नावाच्या माणसाशी लग्न झालं, 1717 ला मुलीच्या जन्मानंतर ती वारली. म्हणजे संसार झाला दोन वर्षांचा. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने लग्न झालेल्या बाईची चीजवस्तू नवऱ्याची. तेव्हा कपाट कायद्याने जॉन मार्शचं. पण त्यावर मार्श असं कुठेही लिहिलेलं नाही. हॅनाची मुलगी अबिगेल मोठी झाली, आईचं कपाट तिच्याकडे आलं, आणि आपल्या मुलीचं नाव तिने ठेवलं हॅना बर्नार्ड हेस्टिंग्ज. आजीचं आडनाव नातीच्या नावाच्या मधोमध. मधलं नाव ठेवायची पद्धतच त्या काळी तिथे फारशी नव्हती. मग कपाट त्या नातीकडे.

अलरिक यांनी यातून जे दाखवलं ते असं. न्यू इंग्लंडमध्ये बाप मेला की जमीन आणि घर मुलांना जायचं, आणि मुलींना मिळायच्या हलवता येतील अशा वस्तू: भांडी, अंथरुणं, गाय, पेटी, कपाट. जमीन जागेवर राहते म्हणून आडनाव जागेवर राहतं. बायका एका घरातून दुसऱ्या घरात हलवल्या जायच्या, म्हणून त्यांना हलणारी मालमत्ता. बाईचं आडनाव एका पिढीत पुसलं जायचं. ते कुठे टिकवायचं असेल तर हलणाऱ्या वस्तूवर. मराठीत याला केवढे नेमके शब्द आहेत. स्थावर आणि जंगम. कुठल्याही दस्तात पहिल्या पानावर असतात, आणि आपण ते न वाचता सही करतो.

आजोबा गेल्यावर आजोळच्या घराच्या प्रॉपर्टी कार्डवर वारस म्हणून सगळ्यांची नावं लागली. दोन मामा, माझी आई, मावशी. कायदा याबाबत स्पष्ट आहे; महाराष्ट्राने तर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना 1994 सालीच समान हक्क दिला होता, देशभर तो 2005 ला आला. आज्जी गेल्यानंतर वर्षभराने मामांनी आई आणि मावशीला हक्कसोडपत्रासाठी बोलावलं. बोलावलं म्हणजे, 'ताई, एक सही राहिलीय, जमेल तेव्हा ये,' असा फोन. माझ्या ओळखीत ज्यांच्या आयांनी ही सही केलेली नाही अशा मुली मला दोनच माहीत आहेत, आणि त्या दोघींचंही आजोळ सुटलेलं आहे.

मी आईला म्हटलं, वकील बघू या. पैशांची काळजी करू नकोस. वाटा हवा असेल तर माग, नको असेल तर निदान त्याची किंमत काय ते तरी माहीत करून घे. आई म्हणाली, "मला किंमत माहितीय. तुला काय वाटलं, मी तिथं चार पावसाळे कमी काढलेत? दहावीपर्यंत मीपण कांड्या भरल्यात त्या घरात." मग म्हणाली, "दिवाळीला जायला एक दार पाहिजे गं." यावर मला उत्तर नव्हतं आणि आजही नाही. माझ्याकडे हिंजवडीत भाड्याचा फ्लॅट आहे आणि पाय टाकायला आईचं घर आहे. दाराची किंमत मला कशी कळणार.

त्याच आठवड्यात मी तिला हॅना बर्नार्डची गोष्ट सांगितली. फोनवर कपाटाचा फोटोही दाखवला. तिने झूम करून नाव नीट बघितलं. मग विचारलं, "म्हणजे कपाटाला म्युझियममध्ये जागा मिळाली. बाईला घरात मिळाली होती का?"

अलरिक वाचताना हा प्रश्न मला त्यानंतर सारखा आडवा येतो, आणि मला वाटतं त्या स्वतःही तो टाळत नाहीत. घरगुती कापडाच्या युगाबद्दलचं त्यांचं पुस्तक मुळात एका गोड कल्पनेच्या विरोधात उभं आहे. 1851 साली होरेस बुशनेल नावाच्या धर्मोपदेशकाने कनेक्टिकटमध्ये केलेल्या भाषणातून ते नाव आलं. आपल्या आज्या कशा चरख्यापाशी बसायच्या, सगळं कसं घरी पिकायचं, घरी विणलं जायचं, माणसं कशी साधी होती. गिरण्या आल्यावर शहरी माणसाला जे वाटतं ते सगळं. अलरिक त्या चरख्यांपाशी जाऊन बसतात आणि तिथे युद्ध, कर्ज, गुलामी, मूळ रहिवाशांची हिरावलेली जमीन हे सगळं काढतात. त्यातली एक छोटी टोपली ऱ्होड आयलंडच्या इतिहास संस्थेत आहे. तिच्यासोबतच्या चिठ्ठीनुसार, 1676 च्या युद्धाच्या धामधुमीत एका मूळ रहिवासी बाईला एका गोऱ्या घरात दूध मिळालं, आणि तिने आपल्या पांघरुणाचे धागे उसवून, झाडाच्या सालीबरोबर विणून ही टोपली त्या घरच्या बाईला दिली. चिठ्ठीत गोऱ्या मालकिणींची नावं पिढ्यान्‌पिढ्या ओळीने आहेत. विणणारीचं नाव नाही. वस्तू बोलतात, असं आपण हौसेने म्हणतो. ती टोपली काय बोलते, ते तिच्यावर चिठ्ठी कोणी बांधली त्यावर ठरलं. अलरिक ती चिठ्ठी खरी धरत नाहीत आणि फेकतही नाहीत. टोपलीची वीण बघतात, धागा बघतात, चिठ्ठी कधी लिहिली गेली ते बघतात, आणि विणणारी बाई खोलीत आहे असं समजून बोलतात.

मार्थाचंही तेच. 1804 साली तिचा नवरा एफ्राइम कर्जापायी तुरुंगात गेला. कर गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं आणि पूर्ण वसुली भरता आली नव्हती. मार्था तेव्हा सत्तरीला आलेली. मुलगा जोनाथन बायको-मुलांसह त्या घरात राहायला आला, आणि मार्थाच्या वाट्याला तिच्याच घरातली एक खोली उरली. चुलीसाठी लाकूडफाटा कोण आणणार, सुनेशी आज काय झालं, हे ती लिहीत राहते, आणि त्या वर्षांच्या नोंदी वाचवत नाहीत. शेकडो बायकांच्या पोटातून मूल सुखरूप बाहेर काढणाऱ्या बाईची स्वतःची म्हणावी अशी जागा एवढीच. ब्लेविन्सच्या आलेखांतही शेवटच्या वर्षांत थकवा आणि मनाच्या त्रासाचे शब्द वर चढताना दिसतात. इथे यंत्राने काही नवं सांगितलं नाही. अलरिक यांना ते वाचूनच कळलं होतं.

आईने सही केली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी सोबत होते. दस्त तयारच होता: मिळकतीचं वर्णन, पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता, 'स्वखुशीने, कोणत्याही दडपणाविना'. पुढची खोली, जिथे चाळीस वर्षं कांडी मशीन चाललं, ती या वर्णनात चौरस मीटरमध्ये होती. यंत्रावर आईचा अंगठा दोनदा उमटला नाही, तिसऱ्यांदा उमटला. मामांनी दोघी बहिणींना साड्या दिल्या, चांगल्या होत्या. मोठ्या मामींनी जेवायला थांबवून घेतलं. सगळेच मनापासून चांगले वागले, आणि त्यामुळे रागवायला कोणी उरलं नाही.

जेवण झाल्यावर आई माळ्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "मला आईची भांडी बघू देत." मामी म्हणाल्या, "सगळी घेऊन जा ताई, इथं कोण वापरतंय." तेव्हा आम्ही खालची एक पेटी काढली. प्रत्येक भांडं आई उलटं करून, उजेडाकडे धरून, बोट फिरवून वाचत होती. भांड्यांवर नावं घालायची आपली पद्धत तुम्हाला माहीत आहेच. स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. बहुतेकांवर आजोबांचं नाव. काहींवर लग्नात भेट देणाऱ्यांची, तारखेसह. एका पितळी डब्यावर फक्त 'इंदू'. आमच्या घरात इंदू कोणी नाही. मी विचारलं, तर आई डबा पुसत म्हणाली, "ही आईच. लग्नात नाव बदललं ना तिचं. माहेरी इंदू होती." मला आज्जीचं ते नाव अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मावशीलाही आठवत नव्हतं. डायऱ्यांत ते एकदाही नाही.

आता मी एक शीट केली आहे. भांडं, धातू, वजन, नाव, तारीख असे रकाने. आईने त्यात एक रकाना वाढवायला लावला, 'कोणाकडून आलं', आणि दुसऱ्या दिवशी फोन करून आणखी एक, 'कोण घासायचं'. डायऱ्यांचंही टायपिंग चालू आहे. दोन झाल्या, पाच राहिल्यात. 'शांता आली' हे दर चार-पाच दिवसांनी येतं, आणि ही शांता कोण ते आईला नक्की सांगता येत नाही. शेजारची असेल, कांड्या न्यायला येणारी असेल. जिथे शांता येते, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेट्यांचा आकडा वाढलेला असतो. हे मी सध्या तपासते आहे.

माळ्यावर अजून दोन पेट्या आहेत. त्या खाली काढायला माणूस लागेल, तेव्हा दिवाळी झाली की या, असं मोठ्या मामींनी सांगितलंय.